शेंदूर फासलेला मल्लखांब

एका गावात एक खांब होता. राजा नाही, राणी नाही, खांब. शिसवी लाकडाचा, दीड माणूस उंच, वर गोल बोंड असलेला, शाळेच्या मैदानात मधोमध पुरलेला मल्लखांब.

तो पुरला होता गावच्या वस्तादानं. वस्ताद फार शिकलेला नव्हता, पण त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पोरं नुसती बाकावर बसवून ठेवली की पिठासारखी आंबतात. म्हणून तो रोज सकाळी शाळा भरायच्या आधी आठवी-नववी-दहावीच्या पोरापोरींना मैदानात उभं करायचा. खांबाला एरंडेलाचा हात फिरवायचा, दोन्ही पायांनी खांब आवळून अढी कशी मारायची ते दाखवायचा, आणि कुणी खाली पडलं की म्हणायचा, "पडलास ना? बरं झालं. आता पडायची भीती गेली. चढ."

पोरं चढायची, पडायची, परत चढायची. त्या काळी त्या शाळेतल्या पोरांना भूक लागायची, झोप लागायची, आणि मास्तरांनी सांगितलेलं डोक्यात शिरायचं. हे सगळं घामानं होतं हे वस्तादानं कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

पुढे वस्ताद म्हातारा होऊन गेला. गाव रडलं. आणि रडता रडता गावानं जे करून ठेवलं ते ऐका.

तेराव्याच्या दिवशी कुणीतरी खांबाला हार घातला. चांगलं केलं. दसऱ्याला कुणीतरी शेंदूर लावला. बरं, तेही सोडून देऊ. पुढच्या वर्षी खांबाला ऊन लागतं म्हणून वर पत्रा आला. खाली ओळीत उभ्या राहणाऱ्या पोरांना ऊन लागतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, लाकडाला लागतं हे आलं. मग चपला बाहेर काढायचा नियम झाला. मग भोवती जाळी. मग रोज सकाळी दोन घागरी पाण्याचा अभिषेक. आणि शेवटी एक हुशार माणूस उठला आणि म्हणाला, "वस्तादांचा खांब हा. याला पाय लावायचा म्हणजे पाप आहे."

झालं. चढायचा खांब, आणि त्याला पाय लावायचा नाही. उद्या म्हणाल, ताटाला बोट लावू नका, अन्नाचा अपमान होतो.

वेळापत्रकात खेळाचा तास होता, तो तेवढा तसाच राहिला, कारण वरून साहेब तपासायला येतात. त्या तासाला पोरं ओळीनं मैदानात यायची, खांबाची आरती म्हणायची, एकेक करून पुढे होऊन नमस्कार करायची, पेढा तोंडात टाकायची आणि वर्गात जाऊन बसायची. हेडमास्तर रजिस्टर उघडून लिहायचे: व्यायाम झाला.

कुणाचा झाला? जिभेचा झाला.

दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. घंटा झाली की पोरं जिन्याच्या मधल्या वळणावर कठडा धरून उभी राहायची. पंधरा वर्षांची पोरं, आणि धापा अशा की लोहाराचा भाता बरा. समोरच्या गल्लीतून यायचं तरी बापाच्या गाडीवर मागे बसून. दप्तर आईच्या खांद्यावर. मधल्या सुट्टीत वेफरचं पाकीट, आणि ते फोडायलाही दात. पोरींची तर गोष्टच वेगळी. त्यांना सातवीतच सांगून टाकलेलं, "मोठी झालीस आता, उड्या मारत जाऊ नकोस." मोठी झाली म्हणून मारायची नाही. लग्न झालं म्हणून मारायची नाही. म्हातारी झाली की गुडघे धरले म्हणून मारायची नाही. मग बाईच्या जातीनं उडी मारायची तरी कधी?

त्याच गावात एक घाणेवाली बाई राहत होती. तेलाचा घाणा नवऱ्याचा होता, तो गेल्यावर तिनं चालवायला घेतला. शिक्षण चौथी, जीभ मात्र बारा बुकं शिकलेली. तिचा नवरा एक्केचाळीस वर्षांचा होता. एके दिवशी दुपारी जेवून गादीला टेकला, तो उठलाच नाही. साखर होती, रक्तदाब होता, आणि कधी कुणी तपासलं नव्हतं. गाव म्हणालं, नशीब. तेव्हा तिलाही तसंच वाटलं.

तिची एकुलती एक पोर मैना, नववीत. नाक बापाचं, हसणं बापाचं, आणि अंगही बापाचं.

एका सकाळी मैनानं पेंडेची पाटी उचलून अंगणातून दारापर्यंत नेली. वीस पावलं. पाटी ठेवली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. ओठ पांढरे, छाती वरखाली. आईनं पाहिलं. तिला त्या दुपारची गादी आठवली. तिनं पोरीचा हात धरला आणि सरळ सरकारी दवाखान्यात नेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन बसल्या.

"हिच्या हृदयात खोट नाही," त्या म्हणाल्या. "साखर मात्र काठावर येऊन बसलीय. एवढ्यात गोळी देत नाही. सहा महिने रोज घाम निथळेपर्यंत व्यायाम करू दे. शाळेत खेळाचा तास असेल ना?"

"असतो," मैना म्हणाली.

"काय करता त्यात?"

"आरती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आईनं मध्येच विचारलं, "आणि नाही केला व्यायाम, तर?"

"तर हिच्या वडिलांची वाट आहे ती. कधी पोचेल ते मी सांगत नाही. पण वाट तीच."

घाणेवालीनं घरी येऊन पदर खोचला आणि शाळेत गेली. हेडमास्तर खुर्चीत होते. त्यांच्यापुढे चहा होता, चहाबरोबर प्रसादाचे पेढे होते.

"गुरुजी, माझ्या पोरीला उद्यापासून खांबावर चढवा."

"बसा बाई. अहो, असं कसं चढवता येईल? लोकांच्या भावना आहेत."

"खांबाच्या आहेत का?"

"तसं नव्हे. पण तिथं पाय लावणं बरं दिसत नाही. आणि मुलगी आहे. नववीत आहे."

"नववीत आहे म्हणूनच सांगते. लग्नात चढवू का?"

हेडमास्तर जरा हसले, मग हसणं आवरलं. "असं करू. तुमच्या मुलीला आरतीच्या वेळी दहा मिनिटं जास्त उभी ठेवू. उभं राहणं हाही एक व्यायामच आहे. आणि हा गंडा घ्या, खांबाचा आहे. मनगटात बांधा. पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा, तिकडे लक्ष द्यायला सांगा. खेळून कोण मोठं झालंय बाई?"

"न खेळता माझा नवरा केवढा झाला ते सांगू?" घाणेवाली म्हणाली. "एक्केचाळीस."

हेडमास्तरांनी चहा प्यायला घेतला. तिनं गंडा टेबलावरच ठेवला आणि उठली.

तिथून ती सरपंचाकडे गेली. सरपंच चांगला माणूस होता. चांगला म्हणजे सगळ्यांना हो म्हणणारा. त्यानं सभा घेतली. सभेत जो तो खांबाबद्दल बोलला, पोरांबद्दल एकही नाही. एकानं सांगितलं, खांबाला नारळ वाहिला आणि त्याचा पोरगा पास झाला. दुसऱ्यानं सांगितलं, त्याच्या पोरानं वाहिला नाही आणि तोही पास झाला, पण टक्के कमी पडले. घाणेवाली उभी राहिली.

"अहो, तुमच्यातल्या अर्ध्यांना वस्तादानं याच खांबावर घासून काढलंय. तुमच्या मांड्यांच्या खुणा अजून त्या लाकडावर असतील, शेंदूर खरवडून बघा. तुम्ही चढलात आणि तुमच्या पोरांच्या वेळेला तो देव झाला होय?"

उत्तर नसलं की माणूस देवाला पुढे करतो. एक म्हातारा म्हणाला, "आपण भांडायचं कशाला? खांबालाच विचारू. कौल लावू."

कौल म्हणजे असं. गुरव देवाच्या अंगाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग सगळ्यांसमक्ष प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गावात विहीर कुठं खोदायची, लग्न कुणाशी करायचं, सगळं असंच ठरायचं. सभेनं माना डोलावल्या.

"म्हणजे तुझ्यावर चढू का, असं लाकडाला विचारायचं," घाणेवाली म्हणाली. "विचारा. माझी ना नाही. पण लवकर विचारा, माझ्या पोरीकडे सहाच महिने आहेत."

सोमवारी सकाळी शाळेला सुट्टी दिली आणि सगळं गाव मैदानात जमलं. गुरव वयानं साठीचा, अंगानं काटक. त्यानं जाळीचं दार उघडलं, जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि खांबाला लावल्या. मोठ्यानं म्हणाला, "शाळेतल्या पोरांनी तुझ्या अंगावर चढावं, असं मनात असेल तर उजवा दे. नसेल तर डावा दे."

सगळे बघत राहिले. पाकळ्या जागच्या जागी.

तासभर झाला. शेंदूर तेलात कालवलेला, वर्षानुवर्षांचा, बोटभर जाडीचा. त्यावर पाकळी चिकटली ती पाहुण्यासारखी, हलायचं नाव नाही. ऊन चढलं. खांब पत्र्याखाली सावलीत आणि गाव उन्हात. बायका पदर डोक्यावर घेऊन बसल्या. नववीची पोरं तर केव्हाच मातीत फतकल मारून बसली होती, उभं राहून पाय दुखले म्हणे.

"देवाचं नेटवर्क गेलंय," दिगंबर म्हणाला. हा सरपंचाचा मुलगा, वर्गातला सगळ्यात उंच आणि जिन्यात सगळ्यात मागे.

"गप रे," त्याच्या शेजारी बसलेला जालिंदर म्हणाला. "देव विचार करतोय. मैना चढली तर खांब बोअरिंगसारखा खाली जाईल ना."

पोरं हसली. मैनाच्या कानावर गेलं. ती उठली, चपला काढल्या आणि आईजवळ गेली.

"आई, चढू का?"

"मला काय विचारतेस? मी काय खांब आहे?"

मैना जाळीत शिरली. सगळ्यांचं लक्ष पाकळ्यांकडे, त्यामुळे ती मागच्या बाजूनं गेलेली कुणाला कळलंच नाही. तिनं दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली, एक पाय टेकवला, दुसरा टेकवला आणि अंग वर ओढलं. वीतभर गेली. घसरली. परत ओढलं. दोन हात वर गेली असेल नसेल, तेवढ्यात खांब डुगडुगला. हलणाऱ्या दातासारखा.

उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

मैनाही पडली. ओढणीला, तळहातांना, गालाला शेंदूर.

मैदानात एकदम गलका. हेडमास्तर पुढे झाले. "हा कौल धरता येणार नाही. मुलीनं खांब हलवला. सगळ्यांनी पाहिलंय."

लोक म्हणाले, बरोबर आहे, नाही धरता येणार. सगळे गुरवाकडे वळले. गुरवानं पाकळी उचलली, हातात धरून बघत राहिला.

"चाळीस वर्षं मी कौल लावतोय," तो म्हणाला. "कधी वारा आला. कधी पाल सरकली. कधी कुणी शिंकलं. पाकळी पडली की पडली. कशानं पडली, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही मला. तेव्हा तुमच्या मनासारखं पडत होतं. आज मनाविरुद्ध पडलं, तर आज विचारता होय?"

हेडमास्तर म्हणाले, "पण—"

"उजवा दिलाय. देवळात मी उभा राहतो, तुम्ही नाही." गुरवानं पाकळी पाण्यात टाकली. "आणि मला वेगळीच काळजी लागलीय. हा खांब हलला कसा?"

त्यानं बुडाशी हात घातला. मूठभर चिखल वर आला.

वस्ताद होता तेव्हा त्या खांबावर एका वेळी चार पोरं लटकायची आणि खांब तसूभर हलायचा नाही. त्यानं बुडाला डांबर लावलं होतं, भोवती मुरूम ठोकून बसवला होता. आणि या भक्तांनी रोज दोन घागरी पाणी ओतून त्या मुरमाचा शिरा केला. शिसव होता म्हणून वाचला. दुसरं लाकूड असतं तर हात जोडता जोडता याच लोकांनी त्याला कुजवून आडवा पाडला असता. आणि पडला तेव्हा म्हणाले असते, देव कोपला.

सरपंच म्हणाला, "आपण सिमेंटचा कट्टा बांधू. खांब पक्का होईल, शोभाही येईल."

"बांधा," घाणेवाली म्हणाली. "त्यात पोरांनाही उभं करा, म्हणजे तीही पक्की होतील. सरपंच, कौल काय दिलाय? चढायचा दिलाय. सिमेंट चढवायचा नाही दिलेला. खांब काढून कोरड्या जागी पुरायचा. आणि पोरांनी पुरायचा. ज्यांना चढायचंय त्यांनी."

गुरव म्हणाला, "मी दाखवीन कसा पुरायचा. मला वस्तादानंच शिकवलंय. पण हात पोरांचा लागेल."

झालं, ठरलं. नववी-दहावी मिळून ऐंशी पोरं होती. खड्डा हवा होता कंबरेइतका. वस्तादानं तो एका सकाळी एकट्यानं खणला होता, हे ध्यानात ठेवा.

पहिल्या दिवशी दिगंबरनं कुदळ उचलली. अकरा घाव घातले आणि कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला.

"काय रे?" गुरव म्हणाला.

"श्वास घेतोय."

"घे घे. नवीनच असेल तुला."

जालिंदरनं सात घातले आणि पोटात कळ आली म्हणून खाली बसला. बाकीच्यांनी घमेली भरली, पण एक घमेलं दोघांनी धरून, पालखीसारखं. कुंपणाबाहेर आयांची रांग लागली, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. एक तर आतच आली.

"माझ्या बाळाला धूळ सोसत नाही हो," ती घाणेवालीला म्हणाली.

"किती वर्षांचा बाळ?"

"सोळा."

"मिसरूड फुटलीय बाळाला. धूळ सोसत नाही, खुर्ची किती सोसते? जा घरी, भाकऱ्या जास्त टाक. आज जेवेल तो."

आणि खरंच जेवला. त्या दिवशी संध्याकाळी गावातल्या कितीतरी घरांत पोरांनी ताटावर बसून काही न बोलता चार-चार भाकऱ्या खाल्ल्या, आणि मोबाइल हातात घ्यायच्या आत जागच्या जागी आडवी झाली. आया घाबरल्या. पोरगं आजारी पडलं की काय म्हणून कपाळाला हात लावून बघत होत्या. निरोगी पोर कसं झोपतं ते त्या विसरून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आलीच नाहीत. अंग दुखतं. हातांना फोड आले. घाणेवाली दारोदार गेली नाही, कुणाला हाक मारली नाही. मैना मात्र गेली. तिच्याही हातांना फोड होते. तिनं फडकं गुंडाळलं आणि पहार घेतली. खड्ड्यात उतरलेली पोर बघून दिगंबर आला. सरपंचाचा पोरगा आला म्हणून बाकीचे आले. असंच असतं, लाजेनं का होईना, यावं.

चार दिवसांत खड्डा झाला. पाचव्या दिवशी खांब जुन्या जागेवरून उपटला. तो तीस पावलं न्यायचा होता. आठ जणांनी उचलला, तीन पावलांवर ठेवला. परत उचलला, परत ठेवला. सातव्या दिवशी सोळा जणांनी दोराला धरून नेला आणि मध्ये एकदाच ठेवला. आठव्या दिवशी खांब उभा केला, मुरूम भरला आणि ऐंशी पोरांनी भोवती नाचून नाचून तो दाबला. पोरीही नाचल्या. उड्या मारून मारून. कुणी काही बोललं नाही.

त्या आठ दिवसांचं हेडमास्तरांनी रजिस्टरमध्ये काय लिहिलं असेल? लिहिलं: खांब जागेवर नसल्याने व्यायाम होऊ शकला नाही. आता सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं.

नवव्या दिवसापासून गुरव सकाळी यायला लागला. सोवळं खुंटीला टांगायचा आणि धोतराचा काचा मारून मैदानात उतरायचा. पहिला महिना सगळा पडण्यातच गेला. मैना तर सगळ्यात जास्त पडली. जालिंदर म्हणायचा, "पोतं चढतंय, बाजूला व्हा."

एक दिवस मैना खांबाला मिठी मारूनच म्हणाली, "पोतं तरी चढतंय. तू पावती फाडायला उभा आहेस का?"

पोरं हसली, पण या वेळी जालिंदरला. दुसऱ्या दिवशी तो रांगेत पुढे उभा होता.

घराघरांतून मात्र नवीन तक्रार सुरू झाली. पोरं चढायची आणि शेंदूर अंगाला लागायचा. गणवेशाच्या चड्ड्या लाल, शर्ट लाल, ओढण्या लाल. साबण संपले, हात दुखले, डाग काही जाईनात. बायका घाण्यावर भांडायला आल्या.

"देवाचा शेंदूर आहे गं हा. मोरीत घासायचा का आम्ही?"

"घासू नका मग, राहू द्या," घाणेवाली म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही देवाकडे जात होता. आता तो रोज तुमच्या घरी येतोय. तेही पोराच्या अंगावरून."

एकीनं जाताना एरंडेल मागून घेतलं, पोराच्या मांड्या सोलवटल्या होत्या म्हणून. दोन-तीन महिन्यांत खांबावरचा शेंदूर मांड्यांनी, तळव्यांनी, पोटऱ्यांनी झिजत झिजत गेला आणि आतलं काळं शिसवी लाकूड चमकायला लागलं.

चौथ्या महिन्यात मैना खांबाच्या मानेपर्यंत पोचली. पाचव्या महिन्यात एका सकाळी बोंडावर जाऊन बसली. खाली उभ्या पोरांनी मोजलं, एक, दोन, तीन, चार. मग ती हळूहळू उतरली. धापा लागल्या होत्या, पण त्या वेगळ्या धापा. वर जाऊन आलेल्या माणसाच्या.

सहा महिने झाले त्या दिवशी आई पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी कागद बघितला. परत एकदा बघितला.

"साखर काठावरून मागे गेलीय," त्या म्हणाल्या. "चांगली लांब गेलीय. सोडू मात्र नकोस गं. सोडलंस की ती परत येते."

घाणेवाली खुर्चीवर बसून राहिली. डोळे पुसायला पदर वर केला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात पुढे करा बघू."

"माझा कशाला? पोरीला दाखवायला आणलंय."

"करा तर."

दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला आणि परत पट्टा फुगवला. मग विचारलं, "दिवसभर काय करता?"

"घाणा चालवते. बाईमाणसाला कमी कष्ट असतात का?"

"चालवता म्हणजे?"

आई काही बोलायच्या आत मैना म्हणाली, "विजेचा घाणा आहे. आई बटण दाबते आणि शेजारी बसते. दुपारी शेंगदाणे खाते."

"दाब खूप वाढलाय तुमचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी लिहून देते. पण मुलीला सांगितलं तेच तुम्हालाही सांगणार. रोज घाम."

साऱ्या गावाला ऐकवणारी बाई, आता तिची पाळी आली. ती म्हणाली, या वयात कुठं. म्हणाली, गुडघा धरलाय. म्हणाली, सकाळी गिऱ्हाईक येतं, घाण्यावर कोण बसणार. म्हणाली, बाईमाणसाला बरं दिसेल का ते, लोक काय म्हणतील.

मैनानं एकही शब्द न तोडता सगळं ऐकून घेतलं.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "उद्या सकाळी सहाला मैदानावर ये. कासोटा घालून नेस. आणि येताना तेल तूच आण, सगळ्या पोरांना पुरेल एवढं."

आई उठली. गोळ्यांचा कागद पदराच्या गाठीला बांधला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा मैना खालच्या पायरीवर उभी राहून तिची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाला तिनं पाच फेऱ्या मारल्या. चालत. पोरं मोजत होती, आणि एकानंही तिला सूट दिली नाही.

तात्पर्य: घाम ही नवसानं मिळायची वस्तू नाही. शाळेचं मैदान पाया पडायला नसतं, पाय आपटायला असतं. आणि पोरांना पळायला सांगणाऱ्या थोरांनो, आधी तुम्ही खुर्चीतून उठा.